97 मार्कांच्या डोंगरावरून घसरणारा मामा

ताई,

वय 43, बँकेत नोकरी. बदलापूर ते फोर्ट जाऊन-येऊन रोजचे तीन तास गाडीत जातात. रील बघून बघून डोकं उठायला लागलं, म्हणून गेल्या दिवाळीत एक वापरलेला निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घेतला. गेम कुठला घ्यावा कळेना, तेव्हा सोळा वर्षांच्या भाच्याला विचारलं. त्याने नियमच घालून दिला: मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या मार्कांची सरासरी देणारं संकेतस्थळ) 90 च्या खाली असेल तर ढुंकूनही बघायचं नाही. त्याप्रमाणे 97 वाला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ घेतला. इतक्या महिन्यांत जेमतेम सात तास झालेत. डोंगर चढायला घेतो, पाऊस येतो, पाय घसरतो, खाली येतो, तोवर दादर येतं.

मग ऑफिसातल्या एकाने त्याच्या मुलाचा ‘पोकेमॉन स्कार्लेट’ दिला. त्याला 72 आहेत म्हणे, नेटवर सगळ्यांनी वाभाडे काढलेत. ताई, तो मी 80 तास खेळलोय. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, ‘मामा, तुला टेस्टच नाही.’ तेही सगळ्यांसमोर, आईच्या वाढदिवसाच्या जेवणावर. हसण्यावारी नेलं, पण लागलं. बायको म्हणते, विकून टाका ते खेळणं, घरी आल्यावरही तोंड त्यातच. समीक्षक खोटं लिहितात की मलाच काही कळत नाही? आणि पुढचा गेम कुणाचं ऐकून घेऊ?

– गोंधळलेला मामा, बदलापूर

मामा (भाच्याचं बघून मीही मामाच म्हणते, राग मानू नका),

खोटं कुणी लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला कळतंही. ‘डोंगर चढायला घेतो, पाऊस येतो, पाय घसरतो, खाली येतो, तोवर दादर येतं.’ ह्या एका ओळीत तुम्ही त्या गेमचं जे परीक्षण केलंय, तसं करायला पैसे घेऊन लिहिणाऱ्यांना दोन परिच्छेद लागतात. मी स्वतः काही वर्षं असली परीक्षणं लिहून पोट भरलंय, म्हणून सांगते.

2017 च्या मार्चमध्ये हा गेम आला तेव्हा दहापैकी दहा देणाऱ्यांनीही त्या पावसाबद्दल कुरकुर केली होती. पाऊस लागला की कडा निसरडा होतो, चार पावलं वर गेलं की एकदा घसरायचं, आणि दम संपला की थेट खाली. त्यांनी ती कुरकुर लिहिली आणि तरी पैकीच्या पैकी मार्क दिले, कारण पुढच्या साठ तासांत त्यांना जे मिळालं त्यापुढे पाऊस किरकोळ होता. तुमच्या वाट्याला पाऊस आला, साठ तास आले नाहीत. गंमत म्हणजे ही कुरकुर बनवणाऱ्यांच्याही कानावर गेली असावी. 2023 मध्ये पुढचा भाग आला, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’, त्यात घसरण कमी करणारा एक काढा आहे आणि त्याच कामाचा बेडकाचा पोशाखही आहे. म्हणजे बदलापूरच्या मामांचं म्हणणं क्योटोला, निन्टेन्डोच्या दारी, तुमच्या आधीच पोचलेलं होतं.

सगळी गोम तुमच्या गाडीत आहे. हातात धरून खेळायच्या यंत्राची कल्पनाच मुळी गाडीत सुचली, असं सांगतात. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई शिन्कान्सेन ह्या जपानी बुलेट ट्रेनने चालले होते, आणि एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढत बसला होता. त्यावरून 1980 मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. तेव्हा ह्या जातीच्या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच, फरक एवढाच की त्या जपानी गृहस्थाला बसायला जागा होती.

ह्याच योकोईंच्या चमूने 1989 मध्ये ‘गेम बॉय’ काढला. शेवाळी हिरवा पडदा, रंग नाही, आतून उजेड नाही. पुढच्याच वर्षी सेगा ह्या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘गेम गिअर’ आला तो रंगीत, झगझगीत, शेजारी ठेवला तर गेम बॉय म्हणजे गरिबाघरची पोर. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत मान टाकायचे. गेम बॉयला चारच लागायचे आणि ते कितीतरी जास्त पुरायचे. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून 11 कोटी 87 लाखांच्या घरात खपले, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. पडद्यावर काय दिसतं हे बघणाऱ्याने गेम गिअरला जास्त मार्क दिले असते. सेल कुणाच्या पैशाने येतात हे बघणाऱ्याने गेम बॉय घेतला. आपल्याकडे तर ह्यातलं काहीच नीट आलं नाही. माझ्या पिढीने हातात धरला तो जत्रेतला आणि स्टेशनबाहेरचा ‘9999 इन 1’ ब्रिक गेम, ज्यात खरे खेळ मोजून दहा-बारा असायचे आणि उरलेले त्यांचेच वेग बदलून केलेले अवतार. त्याला कुणी मार्क दिले नाहीत. सुट्टीत मामाकडे गेलं की कोण आधी घेणार यावरून मारामाऱ्या व्हायच्या, तेवढंच.

आता त्या 97 चं बघू. मेटाक्रिटिक 2001 पासून आहे. निरनिराळ्या मासिकांनी आणि संकेतस्थळांनी दिलेले मार्क शंभरपैकी करून घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची, असं ते काम. सरासरीही साधी नाही. कुणाच्या मताला किती वजन द्यायचं हे ते आपल्यापाशी ठेवतात. प्रत्येक यंत्राचं पान वेगळं असतं हे खरं, पण स्विचची पंचाईत अशी की तो एकाच देहात दोन यंत्रं आहे. टीव्हीला जोडला की मोठ्या पडद्यावर चालतो, काढून हातात घेतला की सव्वासहा इंची पाटी होते. दोन्हींचा आकडा मात्र एकच. तो आकडा कोणत्या स्विचचा आहे हे त्यावरून कळायला मार्ग नाही.

आणि समीक्षकाचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. गेम बाजारात यायच्या आठ-पंधरा दिवस आधी कंपनीकडून प्रत येते. अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही अशी अट असते, आणि त्या ठोक्याला सगळ्यांबरोबर आपलंही छापून यावं लागतं. म्हणजे पन्नास-साठ तासांचा गेम त्या दिवसांत रेटायचा. मी रेटलेत. रात्र रात्र, सलग, सोफ्यावर आडवं पडून, शेजारी चहाचा थर्मास. तुम्ही तोच गेम बावीस-बावीस मिनिटांच्या तुकड्यांत खेळता, एक खांदा दारापाशी आणि दुसरा कुणाच्या तरी बॅगेखाली. मी पंगतीत वाढलेलं ताजं गरम खाल्लं, तुम्ही तेच दुपारी एकला डब्यातून काढलंत. पदार्थ दोघांचाही तोच. पण भरलं वांगं डब्यात मुरतं आणि भजी डब्यात मऊ पडतात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ उत्तम भजी आहेत, मामा.

जपानमध्ये ‘फामित्सू’ नावाचं एक गेमचं साप्ताहिक फार जुन्या काळापासून मानाचं. तिथे एका गेमला चार जण दहापैकी मार्क देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. ही पद्धत मला आवडते, कारण चौघांचे आकडे वेगवेगळे छापतात आणि सवयीने कळतं की आपली नाडी कुणाशी जुळते. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा 1998 मध्ये एका ‘झेल्डा’लाच मिळाले, तुमचा ‘ब्रेथ’ ज्या मालिकेतला त्याच मालिकेतल्या गेमला. पुढे 2005 मध्ये डीएस ह्या छोट्या यंत्रावरच्या ‘निन्टेन्डॉग्ज’ला मिळाले. त्यात कुत्र्याचं पिल्लू पाळायचं. पडद्यावर हात फिरवून त्याला कुरवाळायचं आणि माइकमध्ये त्याचं नाव घेऊन हाक मारायची, ‘बस’ म्हटलं की ते बसतं. हा चाळीसपैकी चाळीसवाला गेम तुम्ही 8.12 च्या गाडीत खेळून बघा. ‘टॉमी! टॉमी, बस!’ असं तिसऱ्यांदा म्हटल्यावर बदलापूरचे टॉमी नव्हे, सबंध डबा तुमच्याकडे बघेल आणि कदाचित बसायला जागाही देईल.

तेव्हा हातातल्या गेमचं परीक्षण वाचताना हाताबद्दल, उजेडाबद्दल, डोळ्यांबद्दल लिहिलंय का ते आधी बघायचं. 2001 मध्ये ‘गेम बॉय अॅडव्हान्स’ आला. माझ्या आतेभावाने दुबईहून आणला होता. ताकद केवढी, पण पडद्याला आतून उजेड नाही. त्याच्यासोबत आलेल्या ‘कॅसलव्हानिया’च्या भागाची सगळ्यांनी तारीफ केली आणि जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं की तळघरातलं काहीएक दिसत नाही. आम्ही तो गेम ट्यूबलाइटखाली मान वाकडी करून खेळलो. दोन वर्षांनी त्यांनी दिवा लावलेलं मॉडेल काढलं. तसंच अक्षरांचं. 2019 मध्ये स्विचवर ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ आला. सुंदर गेम, पण त्यात वाचायचं ढीगभर, आणि हातातल्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी. पंचविशीतल्या समीक्षकाने ही गोष्ट शेवटच्या परिच्छेदात कडेला लिहिली. चाळिशी लागलेल्या माणसासाठी तोच पहिला परिच्छेद असायला हवा. त्याच वर्षी ‘विचर 3’ सारखा अवाढव्य गेम यंत्रात खोचायच्या 32 जीबीच्या कार्ट्रिजमध्ये कोंबून स्विचवर आणला, तेव्हा लोकांनी एकाच दमात लिहिलं की हा चमत्कार आहे आणि चित्र पुसट आहे. दोन्ही खरं. तुम्हाला चमत्कार बघायचाय की पाटी वाचायची आहे, एवढंच ठरवायचं.

आता आमच्या धंद्यातली सर्वांत बदनाम ओळ सांगते, कारण तुमच्या भाच्याला ती नक्की पाठ असणार. 2014 मध्ये डीएसच्या धाकट्या भावावर, 3डीएसवर, पोकेमॉनचा ‘ओमेगा रुबी – अल्फा सफायर’ आला. एका मोठ्या अमेरिकन संकेतस्थळाने त्याला दहापैकी 7.8 दिले आणि उणिवांच्या चौकटीत तीन शब्द लिहिले: ‘पाणी फार आहे.’ झालं. सगळं जग हसत सुटलं. समुद्राच्या गेममध्ये पाणी फार आहे म्हणे! उद्या म्हणाल कोकणात नारळ फार आहेत. दहा वर्षं झाली तरी तो विनोद लोकांनी सोडलेला नाही.

पण ती तक्रार मुळात अगदी रास्त होती. त्या गेमचा निम्मा नकाशा समुद्र आहे. समुद्रावर निघालं की तुमच्या पोकेमॉनपैकी कुणाला तरी पोहणं, बुडी मारणं, धबधबा चढणं असली पाण्याची कामं शिकवून ठेवावी लागतात, म्हणजे चमूतल्या जागा त्यातच अडकतात. वर दर दहा हातांवर तेच तेच जलचर आडवे येतात. टेंटाकूल, पुन्हा टेंटाकूल, मग टेंटाकूलचा थोरला भाऊ. ज्याने तो खेळलाय त्याच्या हे अंगावर आलेलं आहे. परीक्षणाच्या मजकुरात हे सगळं होतं. चौकटीत मावण्यासाठी त्याचे तीन शब्द झाले, आणि हसणाऱ्यांनी मजकूर वाचलाच नाही. उलट ज्याला समुद्रात भटकायला आवडतं त्याच्यासाठी ‘पाणी फार आहे’ ही चक्क जाहिरात आहे. माझ्या मते परीक्षणातली तक्रार अशीच असावी, की वाचून एकाने गेम टाळावा आणि दुसऱ्याने धावत जाऊन घ्यावा. 7.8 वाचून ह्यातलं काय कळतं?

ह्याच फुटपट्टीने तुमचा ‘स्कार्लेट’ बघा. 18 नोव्हेंबर 2022 ला तो आणि त्याचा जोडीदार ‘व्हायोलेट’ आले, आणि पहिल्या तीन दिवसांत दोन्ही मिळून एक कोटी खपले. त्याच तीन दिवसांत नेट तक्रारींनी भरून गेलं. लांबची माणसं झटके खात चालतात, कॅमेरा जमिनीतून आरपार जातो, तळ्याकाठी आलं की गेम धापा टाकतो. खरंच टाकतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या अपडेटसोबत निन्टेन्डोने त्याबद्दल माफीही मागितली, आणि ही कंपनी काही उठसूट माफी मागणाऱ्यांतली नाही. तेव्हा 72 देणाऱ्यांनी तुमच्या आवडत्या गेमवर अन्याय केला असं म्हणायला मी तयार नाही. पूर्ण किंमत घेऊन अर्धा शिजलेला भात वाढला तर वाढप्याला सांगायलाच हवं.

पण तुम्ही 80 तास का खेळलात, त्याचंही कारण आहे आणि ते तुम्ही लाजून सांगण्यासारखं नाही. ह्या गेममध्ये जग मोकळं आहे. कुठेही जा, कुणी हाताला धरून नेत नाही. गवतात काहीतरी हलतं, चेंडू फेकायचा, ते अडकतं किंवा सुटतं. हा अख्खा प्रसंग दोन मिनिटांचा. अंबरनाथला गाडी सिग्नलला थांबली तेवढ्यात एक होतो. एखादी लढत जरा लांबली तर विठ्ठलवाडीपर्यंत. मध्ये उल्हासनगरला लोंढा आत आला आणि तुम्ही बटण दाबून यंत्र झोपवलंत, तरी काही बिघडत नाही, उठवल्यावर ते पोकेमॉन तिथेच उभं असतं. मध्येच सहल काढून सँडविच करायचं. ह्यात धापा टाकणारं तळं किती वेळा आलं? आलं तेव्हा तुम्ही वर बघून स्टेशन कुठलं ते पाहिलं असेल, झालं. टीव्हीसमोर सलग बसलेल्याच्या डोळ्यांत जे खुपलं, ते तुमच्या डब्यात मुरलं. आणि आणखी एक, 2025 मध्ये स्विच 2 आला तेव्हा ह्याच गेमला फुकट अपडेट मिळालं आणि त्यावर तो लोण्यासारखा चालतो. समीक्षक ज्याबद्दल ओरडले ते आता नव्या यंत्रावर फारसं उरलेलं नाही, पण 72 तिथेच आहे. आकड्याला कोण अपडेट देणार?

भाचा म्हणेल, समीक्षकांचं सोडा, खेळणाऱ्यांचे मार्क बघा. त्यातही गफलत असते. 2020 च्या मार्चमध्ये ‘अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ आला तेव्हा समीक्षकांनी नव्वदीचे मार्क दिले आणि खेळणाऱ्यांनी शून्याचा पाऊस पाडला. कारण? एका यंत्रावर एकच बेट मिळतं, आणि ज्याने आधी सुरू केलं तो मालक. दुसरं भावंड आलं की ते बेटावर पाहुण्यासारखं राहतं, मोठे निर्णय मालकाच्याच हातात. समीक्षक आपल्या यंत्रावर एकटा खेळला, त्याला हे खुपलंच नाही. शून्य देणं आततायीपणाचं होतं, पण एका घरात दोन मुलं असलेल्यांना त्या शून्यातून जे कळलं ते नव्वदातून कळलं नसतं.

‘टेस्टच नाही’ वरून आठवलं. स्विचच्या कार्ट्रिजला खरोखरच चव असते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून निन्टेन्डो तिच्यावर डिनॅटोनियम बेंझोएट नावाचं जहाल कडू रसायन लावतं. 2017 मध्ये स्विच आला तेव्हा गेमवर लिहिणारी शहाणीसुरती माणसं ती चाटून बघत होती आणि तोंड वाकडं करून त्यावर लिहीत होती. सगळ्या समीक्षकांचं एकमत झाल्याचं मला आठवणारं ते एकमेव परीक्षण. पुढच्या वेळी भाच्याने टेस्ट काढली की कार्ट्रिज पुढे करा.

त्याच्यावर रागावू मात्र नका. सोळाव्या वर्षी माणूस आकड्यांतच जगतो. त्याच्या आजूबाजूला सगळे टक्केच विचारतायत, दहावीला किती, सीईटीला किती. गेमला 72 म्हटलं की त्याच्या डोक्यात ‘नापास झाला नाही, पण अॅडमिशन मिळणार नाही’ असंच येतं. तो तुम्हाला हसला, कारण त्याच्या हिशेबात तुम्ही टॉपरला सोडून मागच्या बाकावरच्याशी दोस्ती केलीत. सगळ्यांसमोर बोलला ते चुकलं, आणि ते तुम्ही त्याला एकट्याला सांगू शकता. पण वाद घालून त्याचं मत बदलायला जाऊ नका. त्याला ‘स्कार्लेट’ आठ दिवस द्या आणि म्हणा, मार्क न देता तीन ओळी लिहून दे: कुठे चिडलास, कुठे वेळ कळला नाही आणि कुठे बंद केलास. तुम्हीही ‘ब्रेथ’बद्दल तशाच तीन ओळी लिहा. तुमची एक तर तयारच आहे.

वहिनींचं म्हणणं परीक्षणाबद्दल नाहीच, त्यामुळे त्यांना 97 आणि 72 समजावत बसू नका. यंत्र गाडीसाठी घेतलंत ना? मग बदलापूर आलं की बॅगेत. एवढं महिनाभर करून दाखवलंत तर विकायची गोष्ट निघणार नाही असं मला वाटतं, आणि निघालीच तर मग मला पुन्हा लिहा.

पुढच्या गेमचं. आपल्याकडे स्विच आणि त्याचे गेम बहुतेक आयात करणाऱ्यांकडून येतात. किंमत चढी आणि परत घ्यायची बात नाही, म्हणून माणूस आकड्याचा हात धरतो हे मी समजू शकते. त्यापेक्षा हे करा: परीक्षण उघडलं की आकड्यावर अंगठा ठेवा आणि फक्त तक्रारी वाचा. आवाज बंद करून खेळता येतो का, अक्षरं दिसतात का, सतत नेट लागतं का. ‘टेट्रिस 99’ ची सगळ्यांनी वाहवा केली, पण 98 जणांशी नेटवरून खेळायचं असतं, आणि मुंब्र्याच्या डोंगरापाशी नेटवर्कने मान टाकली की तुम्ही बाद. यंत्रातल्या ऑनलाइन दुकानात बऱ्याच गेमचे चाखायला फुकट डेमो असतात, ते आधी उतरवून बघा. आणि शक्यतो कार्ट्रिजच घ्या, पटली नाही तर विकता येते. डबा उघडून तपासा. मला एका दुकानदाराने झकास सीलबंद डबा दिला, आत कार्ट्रिजच्या जागी एक कोडचा कागद निघाला. एकदा वापरला की संपला. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, म्हणून भांडताही आलं नाही.

नाव हवंच असेल तर ‘स्टारड्यू व्हॅली’. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन ह्या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून केलेला, स्विचवर 2017 पासून आहे. आजोबांची पडीक शेती नीट करायची, एवढीच गोष्ट. त्यातला एक दिवस घड्याळी चौदा मिनिटांचा असतो आणि खेळ सेव्ह होतो तो रात्री झोपल्यावरच. टीव्हीवर खेळणाऱ्यांना हे जाचतं. तुम्ही बदलापूर सोडताना उठलात, पाणी घातलंत, मासे पकडलेत, तर कल्याण यायच्या आत झोपलेले असाल. नंतर जरा हात बसला की ‘हेडीज’. एक फेरी अर्ध्या तासाची, आणि हरणं हाच कथेचा भाग असल्यामुळे दादर आलं म्हणून मेलात तरी मनाला लागत नाही. पत्ते आवडत असतील तर ‘बलात्रो’. पोकरचे हात दिसतात म्हणून युरोपच्या वयोगट ठरवणाऱ्यांनी त्याला आधी 18 वर्षांवरचा शिक्का मारला आणि 2025 मध्ये अपील झाल्यावर 12 वर आणला. पैसे लावायची त्यात सोयच नाही. बँकेतल्या माणसाला गुणाकार करताना मजा येईल.

‘ब्रेथ’ विकू नका. तो रविवारी दुपारी टीव्हीला लावा, जेवण झाल्यावर, दोन तास सलग. गाडीत न्यायचाच तर त्यातली देवळं (कोड्यांच्या बंद खोल्या) तेवढी सोडवा. एकूण 120 आहेत, आत छप्पर आहे, पाऊस नाही, आणि बरीचशी दहा-पंधरा मिनिटांत होतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुढच्या हवामानाची चित्रं दिसतात, ती बघितल्याशिवाय मोठा कडा चढायला घेऊ नका. आणि अर्ध्यात पाऊस गाठलाच तर घसरत बसायचं नाही. एखाद्या कपारीखाली शिरा, लाकूड टाका, गारगोटी ठेवून तलवारीने ठिणगी पाडा आणि शेकोटीपाशी सकाळपर्यंत बसा म्हणून सांगा, वेळ सरकतो आणि बहुतेकदा पाऊसही. फक्त कपार आडवी यायच्या आधीच लाकूड तोडून झोळीत ठेवलेलं असावं लागतं.